पनौतीच्या पुराने साखळीतली झोप उडते तेव्हा

गोव्यातल्या साखळीच्या एका निवृत्त शिक्षिकाताईंनी प्रश्न पाठवला आहे. नेपाळ हा त्यांचा जीव की प्राण. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करत त्या पुन्हा पुन्हा तिकडे जात राहिल्या आणि काठमांडूजवळच्या पनौतीला ज्या घरी उतरतात तिथल्या दिदीशी त्यांचा घरोबा झाला. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे पूर आला. दिदीचं घर वाचलं, नदीकाठचं शेत गेलं. तेव्हापासून ताईंना जेवण जात नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या मोबाईलवर पुराचे व्हिडिओ बघत बसतात. यजमान म्हणतात, ‘आपल्या सत्तरी तालुक्यात पूर आला तेव्हा एवढी रडली नव्हतीस.’ ताई विचारतात, हे असं होणं बरोबर आहे का? गावातून कपडे-भांडी गोळा करून पाठवू का? एखादं अनाथ मूल सांभाळायला मिळेल का? मी स्वतः मदतीला जाऊ का? आणि चैत्रातली मुक्तिनाथची ठरलेली यात्रा रद्द करू का?

ताई, आपत्तीतून वाचलेल्या माणसांना मानसिक आधार देणं हे माझं काम. २०१५ च्या भूकंपानंतर मी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात होते, नंतर आपल्याकडच्या पुरांतही काम केलं. तुमच्या काही प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत संपतील, काहींना वेळ लागेल. पण सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते. तुमच्या मनात नेपाळसाठी जे दाटून आलंय, त्याची तिथे खरी गरज पहिल्या पंधरवड्यात फारशी नसते. ती लागते तिसऱ्या महिन्यापासून, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं. म्हणून आत्ता रात्री जागून ते संपवू नका.

यजमानांच्या बोलण्याने तुम्हाला अपराधी वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. वाटून घेऊ नका. ज्या घरात आपण जेवलो, ताप आला तेव्हा जिथल्या बाईने उशाशी गरम पाणी आणून ठेवलं, ते घर मनाच्या हिशेबात परदेशात नसतं. पोटात कालवाकालव होते ती ओळखीच्या माणसांमुळे. त्यात सत्तरीचा काही अपमान नाही. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदी पात्राबाहेर आली, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणून तो ओळखला गेला. सत्तरी-डिचोलीत आणि गांजे-उसगावच्या बाजूला शेकडो घरांत चिखल शिरला, कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत, गाळ बसला. तिथे घमेली उचलायला आलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. दुसऱ्यांच्या दुःखाने ज्यांची झोप उडते तीच माणसं आपल्या तालुक्यातही आधी हजर होतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. त्या दिवशी उसगाव भागात गाळ उपसणाऱ्यांत एका कारखान्याचे दोन नेपाळी रखवालदारही होते. रात्रपाळी करून आले होते, दुपारपर्यंत थांबले. हे यजमानांना जरूर सांगा.

व्हिडिओंचं मात्र आजपासून बंद करा. यात मी जरा कडक बोलणार आहे. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. दिवसाला सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या घटनेच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. वाहून जाणारी तीच बस तुम्ही चाळीस वेळा पाहता तेव्हा तुमच्या शरीराच्या लेखी ती चाळीस वेळा वाहून जाते. काठमांडूबाहेर पडणाऱ्या महामार्गावर झ्याप्ले खोला इथे दरड कोसळून अडकलेल्या बसगाड्यांतली तीसहून अधिक माणसं गेली. घटस्थापना तोंडावर होती, दशैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, घरी निघालेली माणसं त्यांत होती. हे एकदा वाचलंत, मनाला लागलं, पुरे. पुन्हा बघून त्यांच्यापैकी कुणालाच काही पोचत नाही आणि तुमची ताकद मात्र जाते.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दहा मिनिटं, तेही वाचायचं, पाहायचं नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा. जेवायला भूक लागेपर्यंत थांबू नका, वेळ झाली की पेज तरी घ्या. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, सारखं रडू येत राहिलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायलाही संकोच नको. जुनं काही दुःख अशा बातमीच्या पाठीवर बसून वर येतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. तुम्ही पत्रात एका ओळीत धाकट्या भावाचा उल्लेख केलाय आणि लगेच विषय बदललाय. त्याबद्दल कुणाजवळ तरी बोला.

आता तिथे नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय मदतीचं काहीच नीट ठरवता येत नाही.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, नेपाळी वेळेने सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटं. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आपला भारतीय भूभाग वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने हिमालयाखाली सरकत असतो. तो ताण साठत जातो आणि कधीतरी असा सुटतो. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. सुमारे पाच लाख घरं पूर्ण पडली, अडीच लाखांवर घरांना तडे गेले. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या, त्या दिवशी वर्ग भरलेले असते तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला, काष्ठमंडप कोसळला, लांगटांगचं अख्खं गाव बर्फ आणि दगडांखाली गेलं. भक्तपूरचं पाचमजली न्यातपोल मंदिर मात्र उभं राहिलं. तुमच्या पशुपतिनाथाचं मुख्य मंदिरही. १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा धक्का बसला आणि ज्यांनी जरा धीर धरून घरात पाऊल ठेवलं होतं ती माणसंही शेतात झोपायला गेली.

तोवर जगभरचे कॅमेरे तिथे होते. जूनमध्ये पाऊस आला, कॅमेरे गेले. आणि खरा कठीण काळ तिथून सुरू झाला.

सिंधुपाल्चोकमध्ये एका उतारावरच्या वस्तीत मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. तिथली एक आजी पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर बसून हाताने दगड बाजूला करत होती. दगड एकीकडे, लाकूड दुसरीकडे, वाकलेले खिळे एका डब्यात. मला वाटलं दागिने किंवा कागदपत्रं शोधते आहे. तिचा मुलगा म्हणाला, बी शोधतेय. मक्याचं आणि भाताचं बी माळ्यावर होतं, माळा खाली आला, त्यावर भिंत. रोपं टाकायचे दिवस निघून चालले होते. त्या वस्तीत तांदळाची पोती, बिस्किटांचे खोके पोचलेले होते, बी पोचलं नव्हतं. एक हंगाम गेला की पुढचं वर्षभर विकतचं खायचं, आणि त्यासाठी घरातल्या कुणीतरी मलेशिया, आखात किंवा भारत गाठायचा. आजीचा हा सगळा हिशेब झालेला होता. म्हातारी शांतपणे दगड उचलत होती. तिला मी काय आधार देणार होते? मीही शेजारी बसून दगड उचलले. आमच्या कामाच्या प्रशिक्षणात पाहा, ऐका आणि जोडून द्या अशा तीन पायऱ्या शिकवतात. त्या दिवशी पाहून-ऐकून झाल्यावर जोडून देणं म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी बियाणं वाटणाऱ्यांपर्यंत त्या वस्तीचं नाव पोचवणं, एवढंच होतं.

पुढे हिवाळा आला. माणसं जस्ताच्या पत्र्यांच्या खोपटांत होती. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री आतून पाणी गाळतो. पुनर्निर्माण प्राधिकरण उभं राहायलाच डिसेंबर २०१५ उजाडला. घरासाठी आधी दोन लाख आणि नंतर तीन लाख नेपाळी रुपये ठरले, तेही हप्त्याहप्त्याने, पाया घातला की पुढचा हप्ता अशा अटीवर. दुसरा, तिसरा हिवाळाही कित्येकांनी पत्र्याखालीच काढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोटला भूकंप झाला, दीडशेवर माणसं गेली, आणि तिथेही हेच झालं. बातमी आठवडाभर टिकली, थंडी चार महिने.

आत्ताचा पूरही त्याच वाटेने जाणार. दोनशेहून जास्त माणसं गेली, दिदीच्या काभ्रे जिल्ह्याला फार मोठा फटका बसला, रोशी नदीच्या काठाने बीपी महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. तुमच्या दिदीचं भात कापणीला आलेलं होतं. शेतावर आता वाळू आणि गोटे बसलेत. सत्तरीच्या कुळागरांत गाळ बसला तेव्हा आपल्याकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंय. गाळ बरा, वर्षा-दोन वर्षांत मातीत मिसळतो. गोटे काढायला मजुरी लागते, यंत्र लागतं. त्यानंतर बटाटा किंवा भाजी. पनौतीच्या आसपासचा बटाटा आणि भाजीपाला काठमांडूच्या बाजारात जातो, म्हणजे शेत मोकळं झालं तर पैसा लवकर परत येतो. दिदीला मदत करायची असेल तर ती इथे करा.

यावरूनच कपड्यांचं उत्तर येतं. पाठवू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. समुद्राने ज्यांचं सगळं नेलं त्या कोळी बायकांना दुसऱ्यांचे उसवलेले कपडे अंगाला लावायचे नव्हते, आणि ते ढीग हटवायला माणसं गुंतली. २०१५ मध्ये काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर एकच धावपट्टी होती. तीही खचायला लागली म्हणून ३ मेपासून मोठी मालवाहू विमानं उतरवणं बंद करावं लागलं. अशा अडचणीतून जो माल आला त्यात टूना मासे आणि मेयोनेझचे डबे होते, आणि ताडपत्र्या कमी पडत होत्या. चार बाय सहा मीटरची एक चांगली ताडपत्री एका कुटुंबाचा पावसाळा काढते. ती तिथल्या बाजारात मिळते. काठमांडूतली दुकानं त्या वेळीही थोड्याच दिवसांत उघडली होती. पैसा पोचला तर माणूस आपल्याला लागतं ते घेतो, दुकानदारही जगतो. साखळीच्या बाजारातून टेम्पो भरण्यात गावाचा उत्साह फार असतो, तो मोडताना वाईट वाटतं. पण हेच तुम्ही गावात समजावून सांगितलंत तर मोठं काम होईल.

पैसे पाठवायची सोय सरळ आहे. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना आहे. आपल्या बँक खात्यातून एनईएफटीने नेपाळातल्या माणसाच्या खात्यावर एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत रक्कम जाते. आधी ही मर्यादा पन्नास हजार होती, २०२१ मध्ये वाढवली. बँकेत जाऊन ‘इंडो-नेपाळ रेमिटन्स’ म्हणा. छोट्या शाखेत कर्मचाऱ्यालाही कधी माहीत नसतं, मग मोठ्या शाखेत जा. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर १९९३ पासून बदललेला नाही, त्यामुळे दिदीला किती मिळाले याचा हिशेब पक्का राहतो. एकदम सगळे देऊ नका. काही आत्ता शेत मोकळं करायला, काही पौषात थंडीच्या तोंडावर, काही पुढच्या आषाढात लावणीच्या आधी. आणि दिदीला विचारून. तुम्ही वर्षानुवर्षं तिच्या घरी पैसे देऊन राहिलात, ते नातं तिच्या मानाचं आहे. आता एकदम दान आलं तर ती अवघडेल. पुढच्या मुक्कामाचे पैसे आगाऊ देते म्हणून पाठवा. मी हा मार्ग पुष्कळांना सांगितला आहे आणि त्यात देणाराही मोकळा राहतो, घेणाराही.

ओळखीबाहेरच्यांसाठी द्यायचं असेल तर नेपाळ रेडक्रॉस सोसायटी किंवा तिथल्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न असलेली एखादी संस्था बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. देवळाच्या किंवा महिला मंडळाच्या ट्रस्टच्या नावाने पावत्या फाडून पैसे गोळा करण्याआधी तुमच्या हिशेबनिसाला विचारा. आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर केलेल्या खर्चाला आगाऊ मंजुरीशिवाय करसवलत मिळत नाही, आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली वजावटही नसते. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून पाठवावं हे सुटसुटीत.

मुलाबद्दल. ताई, हा विचार कुठून येतो ते मला कळतं, आणि तरीही तो सोडून द्या असं मी तळमळीने सांगते. आपत्तीनंतर जी मुलं ‘अनाथ’ म्हणून दाखवली जातात त्यांतल्या पुष्कळांना आई, बाप, काका, आजी कुणीतरी असतं. सिंधुपाल्चोक भूकंपाच्या आधीपासून मुलींच्या विक्रीसाठी बदनाम जिल्हा. भूकंपानंतर शिक्षणाचं, नोकरीचं आमिष दाखवून मुलांना बाहेर काढणारे दलाल तिथे फिरू लागले. नेपाळ सरकारला पालकांशिवाय मुलांच्या प्रवासावर निर्बंध घालावे लागले, परदेशी दत्तकही थांबवावं लागलं. अशा वेळी ‘आम्ही मूल घ्यायला तयार आहोत’ असं आपण सहृदयतेने म्हणतो तेव्हा नकळत त्या दलालांसाठी मागणी तयार होते. मुलाला त्याच्या गावात, त्याच्या आजीजवळ ठेवून शाळेचा खर्च देता येतो. दिदीच्या वाडीत अशी मुलं असतील तर ती सांगेल.

आता जरा आपल्या गोव्याकडे या, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला शोधूनही सापडली नाही. साखळीत, डिचोलीत, म्हापशात किती नेपाळी माणसं आहेत! हॉटेलच्या भटारखान्यात, बांधकामावरच्या रखवालीत, मोमोच्या गाड्यांवर. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तर ऑक्टोबर ते मे भांडी घासण्यापासून मासे भाजण्यापर्यंत तेच असतात. नेपाळ तुमच्या दारात आहे आणि त्याच्याशी तुम्ही अजून बोललेला नाहीत.

२०१५ च्या त्या शनिवारी संध्याकाळी मी कळंगुटला एका हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले होते. मला बोलावलं होतं कारण तिथला एक नेपाळी स्वयंपाकी दुपारपासून काहीच बोलत नव्हता. तो गॅससमोर उभा होता, कढईत तेल तापून धूर निघत होता, आणि कानाला लावलेल्या फोनमधून ‘संपर्क होऊ शकत नाही’ एवढंच येत होतं. आम्ही आधी गॅस बंद केला. त्याला बाहेर पायरीवर बसवलं, पाणी दिलं. सोबतची मुलं त्याला सारखी ‘काही झालं नसेल’ म्हणत होती. मी त्यांना थांबवलं. आपल्याला माहीत नसलेलं खात्रीने सांगायचं नसतं, तो त्या शब्दांना धरून बसतो आणि उद्या ते खोटे ठरले तर कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्याला काय हवंय ते विचारलं. रिचार्ज संपत आला होता. गावाकडचे दुसरे कुणी गोव्यात आहेत का, हे शोधायचं होतं. आणि घरी जायचं होतं, पण हंगामाचा पगार मालकाकडे अडकलेला. मेअखेर हिशेब होतो, मध्येच गेलं तर पैसेही बुडणार आणि पुढच्या ऑक्टोबरची जागाही. मालक वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. रात्री नऊला हिशेब झाला, परत आल्यावर जागा राहील असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. तो स्वयंपाकी मुंबईहून गोरखपूरची गाडी पकडून सोनौलीच्या नाक्यावरून घरी पोचला.

हे तुम्ही आज करू शकता. शाळेच्या वाटेवरच्या गाडीवर जा आणि विचारा, ‘घर कुठे? गावात सगळे ठीक आहेत?’ पश्चिम नेपाळातला निघाला तर पुराशी त्याचा काही संबंध नसेल, तरी विचारलेलं त्याला आवडेल. काभ्रे, ललितपूर, धादिंगचा निघाला तर पगार मिळतो का, रजा मिळते का, तिकिटाला कमी पडतंय का हे विचारा. तुम्ही साखळीत इतकी वर्षं शिकवलं आहे, निम्मे हॉटेलमालक तुमचे विद्यार्थी असतील. बाईंनी फोन केला तर कोण नाही म्हणणार? दशैंचं महत्त्व तिकडे आपल्या चवथीएवढं, म्हणजे गणेशचतुर्थीएवढं, कुठेही असलेला माणूस त्या दिवसांत घर गाठतो. यंदा ज्यांना जाता आलं नाही किंवा जाऊन उद्ध्वस्त घर बघून परत यावं लागलं, त्यांना तिहारच्या, म्हणजे त्यांच्या दिवाळीच्या, दिवशी घरी जेवायला बोलवा.

बोलताना एक जपा. आपण भारतातून नेपाळवर माया करतो तेव्हा त्या मायेत थोडं मोठेपण शिरतं, आणि ते त्यांना लगेच कळतं. २०१५ मध्ये भारताची मदत काही तासांत पोचली, त्याबद्दल तिथे लोक आजही चांगलं बोलतात. पण त्याच वेळी ढिगाऱ्याशी बसलेल्या बायकांच्या तोंडासमोर माईक धरणाऱ्या आपल्या वाहिन्यांवर नेपाळी लोक इतके चिडले की ‘भारतीय मीडिया, घरी जा’ ही मोहीमच समाजमाध्यमांवर चालली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत-नेपाळ सीमेवरचे नाके बंद पडले ते फेब्रुवारीपर्यंत. भूकंपग्रस्तांच्या पहिल्या हिवाळ्यात गॅस नाही, इंधन नाही, औषधं अडकलेली. नेपाळ त्याला भारताने लादलेली नाकेबंदी म्हणतो, भारत सरकारने ते कायम नाकारलं. तुमच्या दिदीनेही तो हिवाळा लाकडं जाळून काढला असेल. तिने कधी तो विषय काढला तर बाजू मांडायला जाऊ नका. ऐकून घ्या. एखाद्या देशावर प्रेम असलं तर आपल्या देशावरचा त्याचा रागही ऐकायची तयारी हवी, मला तरी तसंच वाटतं.

फोनवर काय बोलू, हेही तुम्ही विचारलंय. ‘धीर धर’, ‘देवाची इच्छा’, ‘जीव वाचला हे काय कमी आहे’, ही तिन्ही वाक्यं टाळा. त्या रात्री काय झालं ते खोदून विचारू नका, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याने आराम पडतो ही समजूत जुनी आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका म्हणते. ती सांगेल तेवढं ऐका. रोजच्या गोष्टी विचारा. आज काय शिजवलं, म्हैस दूध देतेय का, धाकट्याची शाळा सुरू झाली का. ती गप्प झाली तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा, फोन ठेवायची घाई नको. आणि पुढचा फोन कधी करणार ते सांगून ठेवा. दर पंधरा दिवसांनी, ठरल्या वारी. ठरल्या वारी फोन येतो, हे कळल्यावर माणूस त्या दिवसासाठी बोलणं साठवून ठेवतो. पुढच्या वर्षी भदौ-असोजमध्ये, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात, पाऊस जोर धरेल तेव्हा तिला रात्री झोप लागणार नाही. ती तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा. भूकंपाचा दिवस तिकडच्या पंचांगाने १२ वैशाख, त्या दिवशीही.

मदतीला जाण्याचं म्हणाल तर आत्ता नको. वाहून गेलेल्या रस्त्यांवर आणखी एक माणूस, आणखी एक पाण्याची बाटली, आणखी एक झोपायची जागा कुणीतरी शोधायची. डॉक्टर, पुलांचे अभियंते यांची गोष्ट वेगळी, त्यांनाही तिथल्या यंत्रणेने बोलावल्यावरच जावं.

पण चैत्रातली मुक्तिनाथची यात्रा रद्द करू नका. २०१४ मध्ये नेपाळात सुमारे ७ लाख ९० हजार परदेशी प्रवासी आले होते, २०१५ मध्ये साधारण ५ लाख ४० हजार. ज्या भागाला भूकंपाने हातही लावला नव्हता तिथलीही हॉटेलं रिकामी राहिली, कारण लोकांनी सगळ्या देशालाच पडलेलं समजून पाठ फिरवली. हंगाम बुडाला की भाड्याच्या गाडीवाल्यापासून खानावळीतल्या भांडीवालीपर्यंत काय होतं हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुमचा मार्ग पोखरा, जोमसोम, मग मुक्तिनाथ. फाल्गुनात दिदीला आणि पोखऱ्याच्या हॉटेलवाल्याला फोन करून काठमांडू-पोखरा रस्त्याची अवस्था विचारा, रस्ता तेव्हाही खराब असेल तर तेवढा टप्पा विमानाने करा. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे, तुम्ही या महिनाभरात नीट जेवलेल्या-झोपलेल्या नाहीत, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या आणि जोमसोमला एक मुक्काम जास्तीचा ठेवा. सोबतच्या बायकांना मोठ्या टूर कंपनीऐवजी तिथलीच गाडी, तिथलाच गाईड घ्यायला सांगा. परतीच्या वाटेवर दोन दिवस पनौतीला काढा आणि त्या दोन रात्रींचे पैसे दिदीला आत्ताच पाठवून द्या.